सादड्याखालचे घोडे

जमनाबाईला डोंगरात जा असं कुणी सांगितलं नव्हतं. जाऊ नको असं मात्र घरातल्या झाडून सगळ्यांनी सांगितलं. बाई हट्टी, गेली.

तापीकाठच्या एका गावात, शहाद्याच्या अलीकडे, तिच्या भावाचं, मोतीलालचं घर होतं. कापूस, ऊस, केळीचा बाग, दारात बैल. जमनाबाईचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, त्याच्या पाठोपाठ तीन वर्षांची पोर तापात गेली, आणि ती एक ट्रंक नि एक पितळी कळशी घेऊन भावाकडे आली. भावानं तिला वाऱ्यावर सोडलं नाही, हे खरं. आपल्या बहिणीला या घरात काही कमी नाही, असं तो येत्याजात्याला सांगायचा. खरंच नव्हतं. पापड होते, कुरडया होत्या, वेचणीच्या बायांच्या भाकरी होत्या, वहिनीची बाळंतपणं होती. सगळं भरपूर होतं.

तेव्हा महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं, पण बालवाड्या सुरू झाल्या होत्या. सातवी पास बाया सेविका म्हणून हव्यात, असं कुणीसं चावडीवर वाचून दाखवलं. जमनाबाई सातवी पास होती, हे त्या दिवशी सगळ्या घराला नव्यानं आठवलं.

घर गुजरांचं, घरात गुजरी बोलायचे. ती तुम्हाला निम्मी कळायची नाही, म्हणून अहिराणीत सांगतो. मोतीलाल म्हणाला, "जमना, तठे डोंगरमा तुन्हं काय ठेवेल शे? घरमा तुले भाकरी कमी पडी ऱ्हायनी का?"

वहिनी, दगूबाई, तिचा प्रश्न जास्त सरळ होता. ती म्हणाली, "आते पापड कोन लाटी?"

प्रशिक्षणाचा वर्ग झाला. शिकवणाऱ्या बाई पुण्याकडच्या, बोलायला गोड. त्या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगायच्या. एक, मुलांना सगळं वाटून घ्यायला शिकवावं, माझं-तुझं करू देऊ नये. दुसरी, खेळणी संपली तर रडत बसू नये, स्थानिक साहित्य वापरावं. जमनाबाईनं दोन्ही गोष्टी मनात पक्क्या केल्या. पुढे जो काही घोळ झाला, तो त्या पक्क्या असल्यामुळेच झाला.

तिला मिळालेलं गाव म्हणजे मोहपाडा. गाव म्हणायचं आपलं. सातपुड्याच्या उतारावर एक घर इथं, दुसरं हाकेच्या अंतरावर, तिसरं पार पलीकडच्या टेकाडावर. सगळी वस्ती भिलांची. बालवाडीला एक कुडाचं खोपट मिळालं, त्याच्याच मागच्या अंगाला तिची चूल. मुख्यसेविका तिला पोचवायला आल्या होत्या. त्या निघताना म्हणाल्या, "होळीनंतर मी तपासणीला येईन. सतरंजीवर मुलं दिसली तर बालवाडी इथंच राहील. नाही दिसली तर ती खाली सपाटीवरच्या गावाला जाईल. तिथली सेविका नेमून झालेली आहे, बरं का."

म्हणजे मुलं नसली तर जमनाबाईनं कुठं जायचं, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. पापड वाट पाहत होते.

सरकारी पेटीत एक निळ्या डोळ्यांची बाहुली होती, चाकांची आगगाडी होती आणि चित्रांचे तक्ते होते. बाहुलीला मुलं हात लावीनात. थंडगार, उघड्या डोळ्यांचं बाळ कोण मांडीवर घेणार? आगगाडी पाहून एक पोर म्हणालं की घूस आहे. 'आपले घर' नावाच्या तक्त्यावर कौलारू बंगला होता आणि दारात कुंड्या. हे घर कुणाचं, असं विचारल्यावर सगळ्यांचं एकमत झालं की जंगलखात्याच्या साहेबाचं, आणि दोन मुलं त्या साहेबाच्या भीतीनं घरी निघून गेली.

सगळ्यांवर कडी म्हणजे शेवटचा तक्ता, 'आपले बांधव'. त्यावर एक काळासावळा माणूस उभा होता. डोक्याला पिसांचा मुकुट, कमरेला पानं, हातात भाला, तोंडात सगळे दात. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, आदिवासी. सपाटीवरच्या मुलांना आदिवासी कळावा म्हणून हा तक्ता छापला होता, तो गावागावांना वाटताना चुकून डोंगरात आला की मुद्दाम पाठवला, देव जाणे. मुलांनी तो निरखून पाहिला. असला माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

त्याच वेळी दाराशी दिवाल्या येऊन बसला होता. हा गावचा पुजारा, देवाधर्माचं सगळं त्याच्या हातात. उन्हानं रापलेला, बारीक, कधी हसताना कुणी पाहिला नव्हता. बाजाराला शहाद्यापर्यंत जायचा, म्हणून मोडकीतोडकी अहिराणी बोलायचा.

"हाऊ कोना गावना शे?" त्यानं विचारलं.

"हा आदिवासी आहे," जमनाबाईनं तक्त्यावर होतं ते सांगितलं.

दिवाल्यानं मान हलवली. "याना घरना मानसे कोठे गयात?"

"चित्रात एवढा एकटाच आहे."

"एकलाच शे बिचारा," दिवाल्या म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं.

मोहपाड्यात सगळे सगळ्यांना अरे-तुरे करायचे. चार वर्षांची रमिलासुद्धा बाईला 'तू' म्हणायची. सुरुवातीला ते जमनाबाईच्या कानाला टोचायचं, मग टोचेनासं झालं. एका बाबतीत मात्र ती तसूभर हलली नव्हती. पाणी ती स्वतः झऱ्यावरून, लोकांच्या वरच्या अंगानं, आपल्या पितळी कळशीत आणायची. कुणाच्या घरचं पाणी नाही, कुणाच्या घरचा घास नाही. भिकुबाई, रमिलाची आई, एकदा मक्याची भाकर घेऊन आली, तेव्हा जमनाबाई म्हणाली, आज माझा उपास आहे. पुन्हा आली तेव्हाही उपासच निघाला. भिकुबाईनं मग आणणं सोडलं. बाई फार देवभोळी आहे, असं गावात झालं. आता तिला दोष देऊन काय उपयोग? मोतीलालच्या घरी भिल सालदाराला पाणी वरून ओंजळीत ओततात, हे ती जन्मापासून पाहत आलेली. जे डोळ्यांनी रोज पाहिलं, ते माणूस धर्म म्हणून धरून बसतं.

थंडी सरत आली. मुलं यायची, पण बसायची नाहीत, कारण बसून करायचं काय? तेव्हा जमनाबाईला स्थानिक साहित्य आठवलं.

पाड्याच्या कडेला सादड्याचं एक भलं जुनं झाड होतं. त्याच्या बुंध्याशी मातीच्या घोड्यांची ही रांग! काही नवे, काही पावसानं झिजलेले, कुणाचा कान गेलेला, कुणाचं शेपूट. राखणीला कुणी नाही, वर पानांचा पाचोळा पडलेला. जमनाबाईला वाटलं, कुणातरी कुंभारानं टाकून दिलेले दिसतात. देवाचं असतं तर वर छप्पर नसतं का, शेंदूर नसता का, घंटा नसती का? तिच्या गावी देवळाला हे सगळं होतं. तिनं त्यातले धडके, नवे घोडे टोपलीत भरले, खोपटात आणले, पदरानं पुसले आणि सतरंजीवर मांडले.

मुलं आली आणि जागच्या जागी थिजली. मग रमिला पुढे झाली, एक घोडा उचलून तिनं पोटाशी धरला आणि आपल्या बोलीत म्हणाली, "हा माझा."

जमनाबाईला कोण आनंद! पोर प्रथमच आपणहून बोललं होतं. तेवढ्यात दुसऱ्यानं आपला घोडा उचलला, तिसरीनं तिचा. माझा, माझा, माझा. एकही पोर दुसऱ्याच्या घोड्याला हात लावीना. आता पुण्याच्या बाईंची पहिली गोष्ट आठवली. जमनाबाई उठली, तिनं प्रत्येकाच्या हातून घोडा काढून घेतला आणि शेजारच्याला दिला. "इथं माझं-तुझं करायचं नाही. सगळं सगळ्यांचं." रमिला भोकाड पसरून रडली. बाईनं समजूत काढली, टाळ्या वाजवून गाणं म्हटलं, आणि दिवसभर सगळ्यांना सगळ्यांचे घोडे खेळायला लावले. संध्याकाळी तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मेलं कौतुकच ते, चुकीच्या वेळेलाच बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी एकही मूल आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. होळी तोंडावर आली होती. जमनाबाई रोज सतरंजी झटकून अंथरायची, घोडे मांडायची आणि दाराकडे बघत बसायची. घराघरांत हाका मारून आली, तर बाया आत गेल्या. शेवटी भिकुबाई आली. आत पाऊल टाकलं नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"रमिलाले ताप शे," ती बाजारापुरत्या अहिराणीत म्हणाली. "घोडा ताप लई जास. तू घोडा पाछा लई उनी. ताप बी उना."

मग थोडं तिनं, थोडं शेजारणीनं सांगितलं, तेव्हा जमनाबाईला सगळं उलगडलं. पोर आजारी पडलं की आईबाप देवाला घोड्याचा नवस बोलतात. पोर बरं झालं की त्याला झाडापाशी नेतात, आणि ते आपल्या हातानं आपला घोडा तिथं ठेवतं. आजार घोड्यावर बसून गेला, तो आता तिथंच राहील, माघारी यायचा नाही. म्हणून त्या घोड्याला पुन्हा कुणी शिवत नाही. प्रत्येक पोराला आपला घोडा पाठ. आणि बाईनं ते सगळे आजार टोपलीत घालून परत आणले होते, वर एकाचा दुसऱ्याला वाटले होते.

हसू येण्यासारखी गोष्ट होती, पण जमनाबाईला हसू आलं नाही. तिच्या पोरीच्या तापात तिनं काय काय केलं नव्हतं? ताईत बांधले, दृष्ट काढली, उपास धरले, दवाखाना केला. त्या वेळी कुणी सांगितलं असतं की मातीचा घोडा ठेव, तर तिनं घोड्यांची रांग लावली असती. आणि तो घोडा उचलून कुणी खेळायला नेला असता, तर तिनं त्याचा गळा धरला असता. हे तिला लख्ख कळलं, आणि कळल्यावर तिची तिलाच लाज वाटली.

सरकारी पेटीत हिवतापाच्या गोळ्या होत्या. त्या घेऊन ती भिकुबाईच्या दारी गेली. भिकुबाईनं गोळी घेतली, रमिलाला दिली, आणि म्हणाली की गोळी ठीक आहे, पण घोड्याचं काय?

घोड्याचं दिवाल्याला विचारायचं होतं. दिवाल्या खोपटापुढे येऊन बसला, सतरंजीवरच्या घोड्यांकडे त्यानं बराच वेळ पाहिलं.

"मी सगळे होते तिथं नेऊन ठेवते," जमनाबाई म्हणाली.

"पाछा ठेईसन काय व्हई?" दिवाल्या म्हणाला. "घरनी वाट देखी लिधी त्या आजारसनी. नवा घोडा जोयजे."

"मग नवे आणू."

"आईबाप देतीन नही. त्यासनी एकदाव दिन्हा. जेनी आना, तेनी देवाना."

"मी देते ना. सगळे मी देते."

दिवाल्यानं विडी पेटवली. घाई हा शब्द त्याला ठाऊक नव्हता. "घोडा आपलाच मानूस देस. परकं नही. तू यासनी कोन लागस?"

सेविका, असं उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं. पण सेविका घोडा देऊ शकत नाही, हे तिला दिसत होतं. मुख्यसेविकासुद्धा देऊ शकल्या नसत्या. आई म्हणावं तर ते खोटं. ती म्हणाली, "मी यासनी फुई."

फुई म्हणजे आत्या, बापाची बहीण, गावची लेक. दिवाल्यानं ते तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिलं.

"फुई बरी शे," तो म्हणाला. "पन फुई आमना घरनं पानी पेस नही."

इतकंच म्हणाला आणि विडी ओढत बसला. रागानं म्हणाला नाही, टोमणा म्हणूनही नाही. आभाळ भरून आलंय असं सांगावं, तसं सांगितलं. म्हणजे उपास कुणालाच पटलेले नव्हते.

जमनाबाईनं काही एका क्षणात ठरवलं नाही. दुपार गेली, चूल पेटली नाही. तिला सरळ दिसत होतं. पाणी प्यायलं नाही, तर मुलं येणार नाहीत, होळीनंतर बालवाडी जाईल, आणि तिला भावाच्या दारी परत जावं लागेल. पाणी प्यायलं, तर भावाचं दार उरणार नाही. खालच्या गावात अशी बातमी बाजाराच्या गाडीनं पोचते. दोन्ही दारं एकदम मिळणार नव्हती. ती पितळी कळशीकडे बघत बसली. कळशी लखलखत होती, बाईनं रोज चिंचेनं घासलेली. मग ती उठली, कळशी चुलीमागे पालथी घातली आणि भिकुबाईच्या घरी गेली.

"पाणी दे," ती म्हणाली.

भिकुबाईनं डेऱ्यातलं पाणी भोपळ्याच्या डवल्यानं काढून दिलं. जमनाबाईनं डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि प्यायली. पाणी पाण्यासारखंच लागलं. तिला थोडं फसवल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं कशाला जपत होतो आपण? मग मक्याची भाकर आली, अंबाडीची भाजी आली. भाजीत तिखट एवढं की डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं, आणि त्यात थोडं तिखटाचं नसलेलंही वाहून गेलं, ते कुणाला वेगळं दिसलं नाही. तिथून ती पुढच्या घरी गेली, तिथून पलीकडच्या टेकाडावर. फुई आली म्हटल्यावर उपाशी कोण पाठवतो? परतली तेव्हा तिला धड वाकता येत नव्हतं.

दिवाल्याबरोबर ती पायथ्याच्या कुंभाराकडे गेली. घोडे डोक्यावरच्या टोपलीत घेऊन चढ चढून आली. रमिलाचा ताप उतरला होता. गोळीनं की घोड्यानं, यावर मोहपाड्यात कुणी वाद घातला नाही, दोन्ही घेतलं होतं. झाडापाशी जमनाबाई एकेक घोडा पोराच्या हातात देत गेली आणि पोरं तो आपल्या हातानं ठेवत गेली. या वेळी तिनं एकाचा दुसऱ्याला दिला नाही.

होळीनंतर मुख्यसेविका आल्या. सतरंजीवर जागा पुरेना, मुलं उंबऱ्यापर्यंत बसली होती. मुख्यसेविकांनी 'आपले बांधव' तक्ता काढला.

"बाळ, हा कोण?" त्यांनी रमिलाला विचारलं.

"आदिवासी," रमिला मराठीत म्हणाली.

"शाब्बास! आणि तू कोण?"

"रमिला."

मुख्यसेविका जरा थांबल्या. मग त्यांनी जमनाबाईकडे बोट केलं. "आणि या कोण?"

"फुई!" सगळी सतरंजी ओरडली.

"बालवाडीत ताई म्हणतात," मुख्यसेविका म्हणाल्या. त्यांनी ती सूचना करून ठेवली आणि बालवाडी जागेवर राहिली.

बातमी तापीकाठी पोचायची ती पोचलीच. दिवाळीला जमनाबाई भावाकडे गेली, तर दगूबाईनं तिचं पान ओट्यावर मांडलं. पाणी मागितलं, तर तांब्या वर धरून ओंजळीत ओतलं. मोतीलाल दाराआड उभा होता, पुढे आला नाही. जमनाबाई ओंजळीनं पाणी प्यायली. तिथेही ते पाण्यासारखंच लागलं. मात्र त्यानंतर तिनं दिवाळी मोहपाड्यातच केली.

अशी बरीच वर्षं गेली. राज्य झालं, रस्ता झाला, तक्ते वाळवीनं खाल्ले. फुईला लग्नांत हळद लावायला जावं लागे, भांडणांत साक्षीला बसावं लागे, आणि पोरांची नावं ठेवताना तिला विचारल्याशिवाय कुणी पुढे जात नसे. हे सगळं करून ती बालवाडी चालवायची.

मग एका पावसाळ्यात तिला मुदतीचा ताप आला. हटेना. दिवाल्यानं आणि दोघा-तिघांनी तिला झोळीत घालून खाली आणलं, तिथून गाडीनं शहाद्याच्या दवाखान्यात. मोतीलाल आला, खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, लहान पोरासारखा रडला, आणि घरच्या बागेतल्या केळ्यांची फणी ठेवून गेला. घरचा डबा मात्र आला नाही. वाचेल असं डॉक्टरलाही वाटलं नव्हतं. वाचली.

परत आली तेव्हा हाडांचा सापळा झाली होती. केस गळालेले, काठीचा आधार. वाटेत सादड्यापाशी दम खायला बसली. घोड्यांच्या रांगेपासून हातभर अलीकडे, पानावर, एक नवा घोडा आडवा निजवलेला होता. उभा केलेला नव्हता.

"कोना पोरले बरं नही?" तिनं घाबरून विचारलं.

भिकुबाई बरोबर होती. "पोरेसले काय नही व्हयनं," ती म्हणाली. "हाऊ तुन्हा शे."

"कोनी ठेवा?"

"ठेयेल नही. आमी आनेल शे. ठेवाले तूच जोयजे."

घोडा आपलाच माणूस देतो, परकं देत नाही. हे दिवाल्यानं जमनाबाईला एकदा सांगितलं होतं, आणि तिनं ते आजवर फक्त एकाच बाजूनं ऐकलं होतं. ती झाडाखाली ओक्साबोक्शी रडली. दवाखान्यात भावासमोर आलं नव्हतं, ते रडू इथं आलं.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि घोडा उचलायला वाकली. रमिलाही बरोबर होती, आता चांगली मोठी झाली होती. फुईला झेपणार नाही म्हणून तिनं पुढे होऊन घोड्याला हात घातला.

"हात नको लावू," जमनाबाई एकदम म्हणाली. "हाऊ मन्हा शे."